खुणेबाहेरचा डाग

"हे सहा पाव परत न्या."

बारकीनं हातातला ट्रे धड खाली ठेवलाही नव्हता. दवाखान्याच्या कोठीतल्या त्या उंच माणसानं पाव उचलून बाजूला केलेसुद्धा. गाडीवाले काका तापानं आडवे पडले नसते, तर बेकरीतून ती स्वतः इथं आली नसती, नि हा माणूस तिला कधी दिसलाही नसता. तिनं चार दिवस मनात त्याला भरपूर शिव्या घातल्या होत्या. पण त्याचे हात इतके जपून पावांवरून फिरत होते, की भांडायला आणलेले शब्द ओठांतच अडखळले.

"का म्हणून?"

"डाग आहेत."

"डाग नाहीत हो साहेब, कोंडा आहे. अख्ख्या गव्हाचा पाव, कोंड्याशिवाय कसा होईल?"

"असेलही. पण खाणारी माणसं आजारी आहेत. माझी... खात्री होत नाही."

दवाखान्याला पाव द्यायला लागल्यापासून सलग चौथा दिवस होता हा. बाबांच्या भट्टीतून तीस वर्षांत एक पाव परत आला नव्हता. आता ते परत आलेला पाव हातात घेऊन नुसता अंगठा फिरवत बसायचे आणि जेवायला उठायचे नाहीत. मेट्रनबाईंचा निरोप आला होता, शनिवारपर्यंत असंच चाललं तर पाव दुसरीकडून घेऊ. त्यावर बाबा एवढंच म्हणाले होते, "तसं झालं तर मी भट्टी पेटवणार नाही. आजाऱ्यानं नाकारलेला पाव धडधाकट माणसाला कुठल्या तोंडानं विकू?" आणि बाबा बोलले की बोलले.

"दोन बरण्या आहेत का?" बारकीनं विचारलं. "काचेच्या, चपट्या."

तो गोंधळला, पण बरण्या आणल्या. तिनं एका बरणीत आजच्या पावाचा काप काचेला टेकवून ठेवला, दुसरीत पहिल्या दिवशी परत आलेल्या, भांडायला म्हणून ती पिशवीतून घेऊन आलेल्या पावाचा. मग शाईनं काचेवर प्रत्येक डागाभोवती गोल काढला.

"रोज सकाळी बघायचं. कोंडा आहे तिथंच राहतो. पीठ असेल तर बोटानं झटकलं जातं. बुरशीला मात्र दम धरवत नाही, ती खुणेबाहेर जाते. शनिवारपर्यंत गोलात राहिलं, तर पाव घ्यायचे. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. माणूस हसल्यावर बरा दिसतो, हे बारकीला उगीचच कळलं.

बुधवारी तिनं शेवाळी हिरवा स्वेटर घातला. गुरुवारीही तोच. बेकरीतला मदतनीस तिच्याकडे बघून खोकला, तेव्हा तिनं त्याला कणीक मळायला पिटाळलं.

कोठीच्या खिडकीत दोघं बरण्यांवर वाकून उभे राहायचे. बाहेर चार दिवस ऊन नव्हतं, काचेवर श्वासाची वाफ धरायची आणि तो ती बाहीनं पुसायचा.

"गोलातच आहे," तो म्हणायचा.

"मग आजचे पाव घ्या."

"शनिवार म्हणाला होतात तुम्ही."

"शब्दाचे पक्के दिसता."

"पावाच्या बाबतीत..." तो थांबला. "एक सांगू? तुमचा हा तपकिरी स्वेटर... तुम्हाला शोभतो."

तिला वाटलं, थट्टा करतोय. ती हसली, आणि घरी जाईपर्यंत हसतच होती.

शुक्रवारी ती पोहोचली तेव्हा तो दारातच उभा. "जिंकलात! दोन्ही काप जसेच्या तसे."

तिनं वाकून पाहिलं. दुसऱ्या बरणीत, शाईच्या गोलाला लागून, नखाएवढी जागा हिरवी पडली होती. अजून तिच्यावर लव उभी राहिली नव्हती, पण हिरवी होती. पाव जुना झालेला, हवा दमट. येणारच होती बुरशी. नवल तिचं नव्हतं. नवल हे, की तो डोळ्यांत तेल घालून तिथंच बघत होता आणि म्हणत होता, जसाच्या तसा. तिनं खाली आपल्या स्वेटरकडे पाहिलं.

गप्प बसली असती तर बाबांची भट्टी वाचत होती. एका दिवसाचा तर प्रश्न. तिनं तेही मनात घोळवलं, खोटं कशाला बोला.

"मी जिंकले नाही," ती हळूच म्हणाली. "खुणेबाहेर हिरवं आलंय."

"कुठं?"

तिनं बोट ठेवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग खुर्चीत बसला.

"मला हिरवं आणि तपकिरी एकच दिसतं," तो म्हणाला. "लहानपणापासून. कोठी हाती आली तेव्हा कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मागच्या वर्षी दुसऱ्या बेकरीचा, बुरशी आलेला एक पाव मी पुढं पाठवला. एका आजींना दोन दिवस उलट्या झाल्या. बऱ्या झाल्या त्या... पण मी नाही झालो. तेव्हापासून ठिपका दिसला की परत."

दुधानं तोंड भाजलेला माणूस ताक फुंकून पीत होता, आणि उपाशी बाबा राहत होते. बारकीला त्याचा राग यायला हवा होता. तिला रडू आलं.

तिनं काप खिडकीपाशी तिरका धरला. "असा आडव्या उजेडात बघायचा. बुरशी मोठी झाली की तिची लव उभी राहते, सावली पडते. त्याला रंग लागत नाही. पण ही कोवळी आहे. ही अशी कळणार नाही."

"मग?"

"मग दुसरे डोळे लागतात." ती ट्रे उचलून निघाली. "मी कुणाला सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं."

शनिवारी कोठीत मेट्रनबाई स्वतः उभ्या होत्या. त्यांनी चष्मा लावून एकेक पाव पाहिला आणि सगळे ठेवून घेतले. "तो? त्यानं सगळं सांगितलं. चादरींच्या कोठीत पाठवलाय. तिथं सगळंच पांढरं." त्या गालात हसल्या. बारकीला मात्र हसता येईना. तिचा रिकामा ट्रे भरलेल्या ट्रेपेक्षा जड झाला होता.

बेकरीत शिरली तर तो बाबांसमोर बसलेला. हातात पाव. बाबा त्याच्या अंगठ्याकडे टक लावून बघत होते.

"हा कोंडा," तो पाव तिरका धरत म्हणाला. "हे पीठ, झटकलं की जाईल. आणि हे... हे मला कळत नाही, बाबा. बारकीला विचारावं लागेल."

बाबांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "कळत नाही असं सांगणारा तपासनीस तीस वर्षांत पहिल्यांदा बघतोय." आणि आत वळून ओरडले, "अरे, माझं ताट वाढा!"

बाबा जेवायला गेले. तो उठून तिच्यासमोर आला.

"तुमच्या स्वेटरचा रंग मला कधीच दिसणार नाही," तो म्हणाला. "तरी... विचारायला यावंसं वाटतं. रोज."

"रोज?"

"चालणार असेल तर."

बारकीनं त्याच्या हातातून पाव घेतला, तो दाखवत होता ती जागा खिडकीशी नेऊन पाहिली.

"कोंडाच आहे," ती म्हणाली. "आणि स्वेटर हिरवा. रोज सांगेन." मग तिनं सुरी घेतली आणि तो पाव तिघांसाठी कापायला घेतला.