पिवळी सायकल, निळी सायकल

सुगंधाच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. बावीस दिवस झाले होते. पत्र तसं लहानच, चार ओळींचं.

"फोनवर तुम्हाला बोलता येत नाही म्हणालात, म्हणून लिहिते. देवेश दोन्ही सायकली दसऱ्यापर्यंत राखून ठेवणार आहे. पिवळी घेऊ की निळी? तुम्ही सांगाल ती घेईन."

एवढंच. यात उत्तर न देण्यासारखं काय होतं, असं कुणालाही वाटेल.

आमची भेट झाली ती कट्टा गावात, देवेशच्या सायकलींच्या दुकानात. मी माझ्या जुन्या काळ्या सायकलीचं पंक्चर काढायला गेलो होतो. बाहेर श्रावणातली एक सर कोसळली आणि ओढणीने केस पुसत ती आत आली. आरोग्य केंद्रातून नुकतीच निवृत्त झालेली नर्स. देवेशला म्हणाली, जन्मभर एसटीच्या खिडकीतून रस्ते बघितले, आता ते पायांखाली घ्यायचेत. चांगली सायकल दाखव.

देवेशने दोन काढल्या. पिवळीचं हँडल खाली, टायर बारीक. अंग पार वाकवून चालवायची, वेगासाठी केलेली. निळीचं हँडल चार बोटं वर, टायर थोडे रुंद. पाठ ताठ राहते, दिवसभर चालवली तरी कंबर धरत नाही. देवेश इतक्या भराभर सांगत होता की तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या काखेत सायकलींवरचं एक जाडजूड पुस्तक होतं. मी ग्रंथपाल होतो, सवय सुटत नाही.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली.

मी सांगितलं. चढ, वारा, गुडघे, गिअर… पाऊण तास. एखाद्या बाईशी मी इतकं सलग कधीच बोललो नव्हतो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बरां सांगतास. पण ह्यातली एक तरी चालवलात काय?"

"नाही."

ती हसली. आणि मी—आता या वयात काय सांगू—मीही हसलो.

पाऊस थांबल्यावर तिने दोन्ही चालवून बघितल्या, आणि सोबतीला म्हणून मी माझ्या काळीवर निघालो. पिवळीवर ती बसली आणि मला तिची पाठ दिसली. मग तीही दिसेना. घाटीचा चढ संपतो तिथे ती थांबली होती. गाल लाल, डोळ्यांत पाणी. वाऱ्याचं, ती म्हणाली.

निळीवर मात्र ती माझ्या बाजूला होती. दोन्हीकडे भात वाऱ्यावर हलत होतं.

"दत्ताराम, तुम्ही लग्न का नाही केलंत?" तिने विचारलं. नुसतंच दत्ताराम, पुढे 'भाऊ' नाही. मला वाटलं विसरली असेल.

"कुणी विचारलं नाही."

"विचारायचं कुणी असतं?"

"…मुलाने."

"मग?"

"मी वाचत होतो."

तिने घंटी वाजवली. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

आणि मग ते पत्र आलं. मी उत्तराचे सात खर्डे केले. टायरची रुंदी, खारा वारा, साठीनंतरचे गुडघे—सगळं खरं, आणि सगळं खोटं. तिने पिवळी घेतली तर ती देवेशच्या दुकानात जमणाऱ्या तरुण मंडळींबरोबर दूर रेडी गावापर्यंत जाईल, वेगात, आनंदात. मला तिची पाठ दिसेल. 'निळी' म्हणालो तर ती माझ्या चालीने चालेल. तिचा वेग मी कोण कमी करणारा? मी खर्डे फाडत राहिलो.

दसऱ्याला आठ दिवस उरले तेव्हा, इतकी पुस्तकं वाचलेला माणूस, मी देवळात कौल लावायला गेलो. आमच्याकडे लग्न, घर, सगळ्याला लावतात. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण गुरवाने आधी गाऱ्हाणं घालायचं असतं, म्हणजे काय विचारायचंय ते देवापुढे सांगायचं, मोठ्याने. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"काय विचारूचा?" महादू गुरवाने पाकळ्या भिजवत विचारलं.

"सायकल," मी पुटपुटलो.

"कोणाची?"

"सुगंधाबाईंची. पिवळी की निळी."

"सायकल तिची, आणि कौल तुमका? असा चलना नाय. तुमचा काय आसा ता सांगा."

खांबाशी दोन बायका वाती वळत होत्या. त्यांचे हात थांबले.

"माका…" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "माका ती बाजूक व्हयी. रोज. पण तिका माझ्यापायी हळू चलूचा लागात."

महादूने पाकळ्या परत तबकात ठेवल्या. "ह्या देवाक कित्याक विचारतास, काका? ह्या तिका सांगा. हळू जावचा की बेगीन, ता ती ठरवात."

"इतकी बुका वाचून ह्या कळूक नाय," खांबाकडून आवाज आला.

घरी येऊन आठवा खर्डा लिहिला. आधी 'आपण' लिहिलं, मग 'तुम्ही', मग तेही खोडलं.

"सुगंधा, कुठली घ्यावीस ते मी सांगू शकत नाही, मी तटस्थ नाही. निळी घेतलीस तर मी रोज तुझ्या बाजूने येईन. पिवळी घेतलीस तर मागून येईन, उशिरा येईन, पण येईन. मला तू आवडतेस. हे लिहायला बावीस दिवस लागले. माझी चाल अशीच आहे, हेही विचारात घे. —दत्ताराम."

पेटीशी पोचलो तेव्हा पोस्टमन लवू किल्ली लावायच्या बेतात होता. मी पत्र फटीत अर्धं सरकवलं आणि तसाच उभा राहिलो. हात सुटेना. लवूने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, घड्याळाकडे पाहिलं.

"काका, टाकतास काय परत नेतास?"

"टाकतंय," मी म्हटलं, आणि बोटं सोडली.