कचरापेटीजवळची खुर्ची

एकाच खुर्चीच्या पाठीवर दोन हात पडले. एक तिचा, एक त्याचा.

"घ्या ना तुम्ही," ती चटकन म्हणाली.

"छे, आधी तुमचा हात होता."

"मला बसायचं नाहीये. मला बघायचंय."

"काय?"

"कोण कुठे बसतं ते!"

तिचं कामच ते. ती बागा आखायची. उंच इमारतींच्या मधोमध ही हातरुमालाएवढी बाग, आणि तिच्यात बाक कुठे बसवायचे हे ठरवायचं होतं. तिने युक्ती काढली. हलक्याफुलक्या खुर्च्या बागेत मोकळ्या सोडून दिल्या. ज्याला जिथे आवडेल तिथे त्याने ओढून न्यावी. माणसांनी जागा दाखवल्या की मग सिमेंटचे बाक पक्के.

तो रस्त्यापलीकडचा चष्मेवाला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की घटकाभर इथे येणारा.

"मग मी कुठे बसू?" त्याने विचारलं.

"ते मी सांगायचं नाही. आणि एक... माझ्याजवळ येऊन बसायचं नाही हं. मग लोक माझ्याभोवतीच गोळा होतात, सगळं बिघडतं."

"नाही येणार," तो म्हणाला. "शब्द दिला." आणि असा काही हसला, की हातातल्या टेपचं माप ती विसरली. पुन्हा मोजावं लागलं.

खुर्च्या फिरू लागल्या. देवाने माणसं एका साच्यातून काढलेली नाहीत, बरं का! ज्याची त्याची बसायची तऱ्हा वेगळी. गुडघे धरलेल्या आजींना हातांची खुर्ची हवी. "अगं, बसता कुणालाही येतं, उठता आलं पाहिजे!" तान्ह्या बाळाच्या आईला सावली हवी, पण थोरला इवल्या पायांनी फाटकाकडे पळाला तर दिसायला हवा. दोन मैत्रिणी झुडपाआड खुर्च्या ओढून, डोक्याला डोकं लावून खुसखुसत. दमलेला कारकून भिंतीला पाठ टेकवून डोळे मिटे. पोरांना तर खुर्ची नकोच. त्यांना चालायला कठडा हवा, आणि पडलो तर हसायला कुणीतरी.

ती माळ्याच्या खोलीच्या पायरीवर बसून हे सगळं पाही, मधूनच एखाद्याला बागेत का येता म्हणून विचारी, आणि तिचा नकाशा भरत जाई. लोक तिला खुर्चीताई म्हणू लागले.

कोडं एकच सुटेना. चष्मेवाल्याचं! एवढी बाग सोडून हा गृहस्थ आपली खुर्ची नेऊन ठेवी ती थेट फाटकाजवळच्या कचरापेटीशेजारी. डोक्यावर फांदी नाही, डोळ्यांवर कलतं ऊन...

"इथे का हो बसता?" तिने लांबूनच विचारलं.

"इथून छान दिसतं."

"कचरापेटी?"

"खुर्चीताई, एकदा दुकानात या. तुमची नजर तपासायला हवी. लांबचं बरं दिसतं तुम्हाला, जवळच्याचं काही खरं नाही."

"आणि फी?"

"तुमच्याकडून? बघू... हप्त्याहप्त्याने घेईन. पुष्कळ वर्षं पुरेल अशी."

ती हसली, आणि मग मान खाली घालून उगीचच पेन्सिलीला टोक काढत बसली.

पण शिकलेल्या माणसाला उत्तर सापडलं नाही की तो सिद्धांत मांडतो. एकट्या माणसाला फाटकाजवळची, कुणी हक्क न सांगितलेली जागा आवडते, असं तिने ठरवलं. तिचे ऑफिसातले साहेबही खूश! "वा! एकट्या माणसाचा बाक! करा पक्का." सकाळी सिमेंट येणार होतं.

शेवटची संध्याकाळ. वारा असा मंद की पिवळी फुलं पडत नव्हती, उतरत होती. उद्यापासून तिला इथे यायला कारण उरणार नव्हतं, आणि कारण नसताना कसं यायचं हे काही तिला ठाऊक नव्हतं. आज चष्मेवालाही दिसेना. कचरापेटीजवळची खुर्ची रिकामी. म्हटलं, बघावं तरी, इथून दिसतं काय!

ती जाऊन बसली. ऊन डोळ्यांत घुसलं. तिने कपाळावर आडवा हात धरला. झोपाळा झुडपामागे लपलेला. हौद खांबाने झाकलेला. समोर, नाकासमोर, स्वच्छ दिसत होती ती एकच गोष्ट... माळ्याच्या खोलीची पायरी. तिथे तिची पिशवी, आणि अर्धवट गुंडाळलेली टेप.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. उन्हाने नाही.

"दिसलं?" मागून आवाज आला. धावत आला असावा. दम लागला होता.

"तुम्ही... रोज... या उन्हात?"

"जवळ येऊ नका म्हणालात. शब्द दिला होता ना. मग जिथून बघता येईल तिथे बसलो."

"आणि मी साहेबांना काय सांगितलं, माहीत आहे? एकटी माणसं अशीच जागा धरतात म्हणून!" तिला हसू आवरेना, आणि डोळे तर भरून आलेले. "उद्या इथे सिमेंट ओततायत!"

"ओतू द्या की. मी बसेन जन्मभर."

"मुळीच नाही." तिने नकाशा काढला आणि ती जागा खोडून टाकली. "एका माणसाच्या वेडापायी बागेत बाक नसतो ठेवायचा. जागा वाईटच आहे."

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि दुकानाकडे वळला.

"अहो... चाललात कुठे? काम संपलंय माझं. आता जवळ बसलं तर काही बिघडत नाही."

तो थबकला. मग सावकाश, स्वप्नातल्यासारखा येऊन शेजारी उभा राहिला. खुर्ची आणायचंही त्याला सुचलं नाही.

"काम संपलं," तो हळूच म्हणाला, "म्हणजे उद्या येणार नाही तुम्ही?"

तिने नकाशावर उतरलेलं एक पिवळं फूल उचललं.

"इतके दिवस मी सगळ्यांना विचारत हिंडले, बागेत का येता म्हणून. कुणी सावली म्हणालं, कुणी वारा, कुणी हाताची खुर्ची. खरं कारण एकानेही सांगितलं नाही."

"कुठलं?"

"तिथे कुणीतरी येणार असतं..." ती म्हणाली. "उद्या दुकान जरा लवकर बंद करा."