दोन उभ्या रेघा

सातव्या घावाला ट्रॉफीचं नाक तुटलं. नव्या लेखकाचं त्याच्या कितीतरी आधी तुटलं होतं.

ट्रॉफी म्हणजे पितळेचा हसरा मुखवटा, चांगला दोन किलोचा. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाला मिळालेला. सकाळी अकराला लेखकांच्या खोलीत नवा लेखक टेबलावर पालथा सापडला. कवटी फुटलेली, दात फरशीवर, छतापर्यंत शिंतोडे. दुपारी पोलिसांनी जुन्या लेखकाला, म्हणजे सगळ्यांच्या मास्तरांना, उचललं. नव्याने आल्या आल्या मास्तरांना घरी बसवलं होतं, एवढं पुरेसं झालं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांची मुलगी वहिनींच्या दारात उभी. या बाई खाजगी तपास करतात. सोबत हिंडणारे धाकटे दीर त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून सगळं गावच म्हणतं. भावोजी मनाने सोनं, डोक्याने जरा सावकाश.

"बाबांना फासावर चढवतील हो! प्रेताशेजारच्या स्क्रिप्टमधला विनोद म्हणे कुणीतरी सुधारलाय. आणि तिथे विनोद सुधारायचे ते फक्त बाबाच!"

"खून करून वर विनोद सुधारला?" भावोजी चक्रावले. "एवढी सवड कुणाला असते?"

"सवड नसते भावोजी, सवय असते," वहिनी चपला घालत म्हणाल्या.

ठाण्यात फौजदाराने ते पान पुढे ठेवलं. कार्यक्रमातल्या सुनेच्या तोंडी छापलेलं वाक्य: 'मी माहेरी निघाले, कारण डॉक्टर म्हणाले, सासूबाईंना आनंदात ठेवा.' कुणीतरी बाण मारून ते उलटं फिरवलं होतं. 'माहेरी' अगदी शेवटी, त्याच्याआधी दोन उभ्या रेघा. फौजदार "हात नका लावू" म्हणेपर्यंत वहिनींनी नख लावलंसुद्धा. काळी, मेणचट रेघ, रक्तावरून ओढलेली.

मास्तर कोठडीत भिंतीला टेकून बसले होते.

"कशाने लिहिता तुम्ही?"

"शाईच्या पेनाने. आणि फक्त शब्द. दम कुठे घ्यायचा ते नटाने बघावं." पानाचा फोटो बघून मात्र त्यांनी मान खाली घातली. "मला काही विचारू नका, बाई."

मग स्टुडिओ. सुनेची भूमिका आता एका नव्या मुलीकडे आली होती. तिची स्क्रिप्ट कोरी करकरीत.

"मी वाचतच नाही हो, फोनवर ऐकून पाठ करते. काल नुसतं वाचन होतं, साधी पावडरही लावली नव्हती. दार उघडलं आणि..." तिला उमाळा आला.

मेकअपच्या खोलीत बाईसाहेब होते. हे चांगले जाडजूड गृहस्थ. नऊ वर्षं ती सून त्यांनीच केली, म्हणून हे नाव. नव्या लेखकाने त्यांनाही काढलं होतं. आता सामान न्यायला आले होते, पण आरशासमोर बसून भुवया कोरत होते.

"आता कशाला?" भावोजींनी विचारलं.

"हात ऐकत नाही." त्यांनी नुकतंच टोक केलेली पेन्सिल खाली ठेवली.

"काल कुठे होता?"

"इथेच, आवराआवर करत. त्या खोलीकडे फिरकलो नाही. नवी स्क्रिप्ट पाहिलीसुद्धा नाही."

संध्याकाळी वहिनींनी लेखकांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. फौजदाराने मास्तरांनाही आणलं. वहिनींनी भावोजींच्या हातात त्या पानाची प्रत दिली. "छापलंय तसं वाचा."

भावोजींनी वीजबिल वाचावं तसं वाचलं. कुणी हसलं नाही.

"पुन्हा."

पुन्हा तेच. बाईसाहेबांनी कपाळावरचा घाम पुसला.

"पुन्हा."

"अहो, असं नाही!" बाईसाहेब ओरडले. "डॉक्टर म्हणाले, सासूबाईंना आनंदात ठेवा. म्हणून मी निघाले..." त्यांनी दम धरला. "माहेरी!"

भावोजी फस्सकन हसले आणि त्यांनी जीभ चावली.

"तो दम म्हणजेच या दोन रेघा," वहिनी म्हणाल्या. "मास्तर दम लिहीत नाहीत. ही मुलगी तर कागदावर काहीच लिहीत नाही. रेघ शाईची नाही, भुवयांच्या पेन्सिलीची आहे आणि रक्तावरून गेलीय. म्हणजे खुन्याने ती मारल्यावर ओढली. काल मेकअपची पेटी उघडली होती ती फक्त तुम्ही. टोक नवं केलंत, पण रक्त लाकडात मुरतं, बाईसाहेब. तपासणीत निघेलच."

बाईसाहेब खुर्चीत बसले. कोरलेल्या भुवयांखाली डोळे भरून आले होते.

"हात जोडले हो त्याला. म्हटलं, निरोपाचा एकच भाग करू दे. तर म्हणतो, काका, तुमच्यावर आता कुणी हसत नाही. पुढचं मलाच कळलं नाही. थांबलो तेव्हा समोर ते पान होतं. वाक्य मेलेलं होतं, वहिनी. मला ते बघवेना."

मास्तरांची मुलगी वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्ही ओळखलं होतंत?"

"रेघा बघताक्षणी."

"मग बोलला का नाहीत?"

"नऊ वर्षं माझी वाक्यं त्याच्या श्वासावर चालली गं."

फौजदार पुढे झाला. बाईसाहेब उठले, दाराशी थांबले आणि भावोजींकडे वळले.

"मगाशी खरंच हसलात ना?"

भावोजींना शरम वाटत होती, तरी खोटं बोलवेना. "हसलो."

बाईसाहेबांनी मान डोलावली आणि बेड्यांसाठी दोन्ही हात पुढे केले.