चौथ्या तोंडाचा झुरका

खोटं वाटत असेल तर खुशाल हसा. पण राजेश्री माझी मावसबहीण आहे, आणि थापा मारणं तिच्या रक्तातच नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. परभणी, भर दुपार.

राजेश्री एका खाजगी लॅबमध्ये होती. सिगारेटच्या धुरात विष किती, हे मोजायचं काम. त्यासाठी मशीन असतं. त्याला चार तोंडं. प्रत्येक तोंड मिनिटाला एक झुरका ओढतं आणि धूर पांढऱ्या फिल्टरवर साचतो.

चौथ्या तोंडाला मात्र सिगारेट लावायचीच नाही. तिथला फिल्टर कोरा राहिला, तरच बाकीचे आकडे खरे.

त्या दुपारी तो पिवळा निघाला...

तिने बदलला. पुन्हा पिवळा!

"नळी गळत असेल," असं म्हणून तिने नळी बदलली. सगळ्या सिगारेटी काढल्या. नुसतं मशीन चालवलं.

फुस्स...

चौथ्या तोंडाने झुरका ओढला. मागोमाग खोकला. ओला, छातीतला.

राजेश्रीने मशीनला कान लावला. तो खोकला ओळखीचा होता.

मुंजाजीमामा. ताडकळसचे, लॅबमधले शिपाई. आदल्या वर्षी मशीनचा पंप बिघडला होता आणि रिपोर्टची घाई होती. तेव्हा हिनेच गळ घातली, "मामा, तुम्हीच ओढा ना या नळीतून. कोणाला कळतंय?"

"आठ वर्सं झाली सोडून, म्याडम. पोरीची आण घेतली हाय."

"दोनच दिवस हो, मामा."

भिडेखातर मामांनी ओढल्या. सवय पुन्हा जडली ती जडलीच. दिवाळीत छातीत कळ आली आणि मामा गेले. मातीला राजेश्री गेली, पण त्यांच्या लेकीकडे, भक्तीकडे, मान वर करून बघायची तिची हिंमत झाली नाही.

तिने बटण बंद केलं. वायरही उपटली.

मिनिट गेलं.

फुस्स... खोकला.

"मामा, चुकलं माझं! नका ओढू!" ती रडायलाच लागली.

अगदी कानाजवळ... दमलेला आवाज.

"रिपोर्ट झाला का, म्याडम? अजून ओढायलोय मी."

"झाला, मामा, झाला! सोडा आता!"

सगळं शांत. ती घड्याळाकडे बघत राहिली. साठ सेकंद...

फुस्स.

राजेश्रीने नोकरी सोडली. धीर करून ताडकळसला गेली आणि भक्तीपुढे सगळं कबूल केलं.

भक्ती चिडली नाही. उलट तिचाच चेहरा पांढरा पडला.

"ताई, बा रोज दुपारी घरी येऊन ईचारायलाय, म्याडमचा रिपोर्ट झाला का म्हणून. मी त्याला काय सांगू?"

राजेश्रीने काय सांगितलं, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही. विचारलं, की ती आधी घड्याळाकडे बघते.