विरुद्ध दिशेची बेरीज

"या दोन गाड्यांले दुसरा काही धंदाच नाही वाटते!" रुख्मिणीने गणिताचं पुस्तक फाडकन मिटलं, आणि समोरच्या बाकावरचा तरुण खुदकन हसला.

नांदुऱ्याला गाडीत चढल्यापासून ती दोन रेल्वेगाड्यांच्या एकाच उदाहरणाशी भांडत होती. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली नाहीत, तोवर ही मॅट्रिकच्या गणितात दोनदा आपटलेली. उद्या अकोल्याला पुन्हा पेपर. या खेपेलाही नापास झाली, तर जळगाव जामोदला वडील, शेषराव, तिचं लग्न उरकून मोकळे होणार होते; शाळेत मास्तरीण व्हायचं मग विसरायचं. सोबतीला आलेली मनकर्णा आत्या गाठोड्यावर डोकं टेकून खुशाल घोरत होती.

"गाड्या विरुद्ध दिशेनं येऊन राह्यल्या," तरुणाने विचारलं, "तं वेगाचं काय करसान?"

"वजा. विरुद्ध म्हणजे वजाच."

"बेरीज! अन् सोबत, एकाच दिशेनं गेल्या तं?"

"मंग बेरीज. सोबत हायेत ना?"

त्याने कपाळावर हात मारून घेतला. "वजाबाकी हो, वजाबाकी!"

"सोबत असल्यावर वजाबाकी? मंग लोकं लगन काऊन करतात?"

तो तरुण म्हणजे शेगावच्या शाळेत गणित शिकवणारे निवृत्ती मास्तर; त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांचे कान लाल झाले. ते पुन्हा समजावू लागले — चिडून, हातवारे करत... चिडले की त्यांच्या कपाळावर केसांची बट यायची, आणि रुख्मिणीचं लक्ष गाड्या सोडून तिकडेच जायचं. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

जलंब स्टेशन सुटलं आणि समोरून मालगाडी आली. डबे असे सटासट पळाले की एकही नीट दिसेना. तिचा वेग... आणि आपलाही! बेरीजच की! रुख्मिणीला लख्ख कळलं. ती तोंड उघडणार, तोच मास्तरांनी पिशवी उचलली. शेगाव आलं होतं.

"समजलं का आता?"

हो म्हटलं, तर हे उतरणार.

"नाही," ती म्हणाली.

"कठीण हाय बुवा!" चरफडत ते पुन्हा बसले.

अकोला येईस्तोवर त्यांचा घसा बसला. "आता तरी?"

"मले शेगावच्या आधीच समजलं होतं," ती खाली बघत म्हणाली. "पन... तुम्ही उतरले असते."

मास्तरांनी कपाळावरची बट मागे सारली. मग हळूच म्हणाले, "मास्तर हाय मी. समजलं का नाही, ते मले तोंडावर दिसते. तवाच दिसलं होतं."

मुलीने परक्या पुरुषाला गाव-आडनाव विचारायची रीत नव्हती. तिने आत्याला गदागदा हलवलं.

"आत्या, ऊठ वं! या मास्तरांचं गाव अन् आडनाव विचारून घे. अन् बाबाले सांग... मी पास झाली, तरी लगन करीन."