सात नंबरची थप्पी

एस्तेली गावात सिगार चाखायचा तो सकाळी, जीभ कोरी असताना. अन्सेल्मो रुगामा एकतीस वर्षं मक्याची एक बिनमिठाची भाकरी खाऊन लानुसांच्या कारखान्यात येत होता आणि दुसऱ्या मजल्यावरच्या चाखणीच्या खोलीत, उत्तरेकडच्या खिडकीशी बसत होता. सिगार वळणाऱ्या बायका त्याला नाकानं कांदे सोलणारा म्हणायच्या, पण कौतुकानं. कारखान्यानं मोजक्या पेट्यांची खास आवृत्ती काढली, की पेटीतल्या चिठ्ठीवर अन्सेल्मोचे शब्द छापले जात. पहिल्या तृतीयांशात भाजलेला बदाम, दुसऱ्यात जुनं चामडं, शेवटी काळा गूळ. ते शब्द वाचून दूरदेशीची माणसं आधीच पेट्या सांगून ठेवायची.

या अन्सेल्मोला साडेतीन वर्षं कसलाही वास येत नव्हता.

एका तापात नाक गेलं, ते परत आलंच नाही. राख किती घट्ट धरते, सिगार एकसारखा जळतो का, झुरका जड जातो का, हे डोळ्यांना आणि ओठांना कळतं. कडू-तिखट जीभ सांगते. बाकीचं तो आपल्या जुन्या वह्यांतून उचलायचा. पान कुठल्या शेतातलं आणि कितव्या तोडीचं एवढं समजलं, की वीस वर्षांपूर्वीची नोंद काढायची आणि दोन शब्द इकडचे तिकडे करायचे. कुणालाही संशय आला नाही. आपण इतके सहज खपतो याची त्याला सुरुवातीला लाज वाटली, पुढे तिचीही सवय झाली.

सवय झाली नाही ती सात नंबरच्या थप्पीची.

वाळलेल्या तंबाखूच्या पानांच्या माणसाएवढ्या उंच थप्प्या रचून पान मुरवतात. थप्पी आतून तापते, अमोनिया सोडते, मग ती मोडून पुन्हा रचायची, आणि असं महिनोन्महिने करायचं. घाई केली तर अमोनिया पानातच राहतो आणि सिगार डोळ्यांतून पाणी काढतो. हे काम फेर्मीन ओल्मेदो चाळीस वर्षं करत होता. त्याच्या सात नंबरच्या थप्पीचे सिगार चाखायला आले, त्या सकाळी पहिल्याच झुरक्याला अन्सेल्मोचे डोळे झोंबले. नाक शाबूत असतं तर झोंबणारी हवा कुठून येतेय ते त्याला तिथल्या तिथे कळलं असतं. त्यानं 'अमोनिया, पान कच्चं' असं सांगून कागदावर सही ठोकली.

दुपारी जेवताना बायकांच्या बोलण्यातून कळलं, की खाली त्याच वेळी नऊ नंबरची थप्पी मोडली होती आणि जिन्याचं दार उघडं राहिलं होतं. डोळे साऱ्यांचेच झोंबले होते. अन्सेल्मोनं हातातला घास खाली ठेवला. उठून एवढंच म्हणायचं होतं, की माझी चूक झाली. पण मग पुढचा प्रश्न आला असता, तुझ्यासारख्याला हे कळलं कसं नाही? तो मूग गिळून बसला. त्याच आठवड्यात फेर्मीनला घरी पाठवलं. म्हाताऱ्यानं घाई केली, हातचं पान घालवलं, असं गावभर झालं. दीड वर्षानं फेर्मीन वारला. अन्सेल्मो मातीला गेला, पण आत गेला नाही. दफनभूमीच्या फाटकाशीच टोपी हातात धरून उभा राहिला आणि परत फिरला.

नाकारलेले सिगार देवदाराच्या कोठीत तसेच पडून होते. यंदा मालक एरिबेर्तो लानुसा यांनी सहज म्हणून एक पेटवला आणि ते जिना चढत धापा टाकत वर आले.

"अन्सेल्मो, गड्या, तुझं नाक म्हणजे सोनं रे! अमोनिया पार उडालाय. असा सिगार माझ्या बापानंसुद्धा काढला नव्हता. तीनशे पेट्या काढतो. आणि चिठ्ठीत काय लिहायचं तेही ठरवलंय, ऐक. 'फेर्मीन ओल्मेदो या थप्पीवाल्याच्या घाईनं बिघडलेलं पान, आमच्या चाखणाऱ्याच्या नाकानं वेळीच पकडलं आणि काळानं सुधारलं.' कशी आहे?"

"नाव कशाला घालायचं, मालक?"

"अरे, नाव असलं की माणसाला खरं वाटतं. तो तर गेला बिचारा. त्याला काय फरक पडणार आहे?"

अन्सेल्मोनं मान हलवली. ती होकाराची की नकाराची हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

मियामीहून मातीआस किन्योनेस आला तो त्या आठवड्याच्या गुरुवारी. तो खास आवृत्त्यांचे सिगार ओढून मासिकात शंभरपैकी गुण द्यायचा, आणि त्याच्या गुणांवर पेट्या उठायच्या नाहीतर पडून राहायच्या. टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या. एकीवर मालक, एकीवर मातीआस, एकीवर अन्सेल्मो. चौथी रिकामी होती. लिहिणारा भिंतीकडच्या बाकावर बसतो. चाखणाऱ्यानं बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं आणि सिगार ज्यानं शेवटपर्यंत ओढला त्यानं खाली सही करायची, अशी त्या खोलीची रीत आहे. मालकांनी त्या दिवशी लिहायला सिगार वळणाऱ्यांतल्या आसुसेनाला बोलावलं होतं, अक्षर चांगलं म्हणून. आसुसेना ही फेर्मीनची मुलगी. मालकांच्या हे ध्यानातही नसावं. अन्सेल्मोनं तिच्याकडे बघायचं टाळलं.

त्यानं पेटीतून सिगार उचलला आणि बोटांत फिरवला. दोन्ही टोकं गार होती. मधला भाग मात्र कोमट लागला, थप्पीत कोपरापर्यंत हात घातल्यावर लागतो तसा. उन्हात राहिला असेल, असं त्याला वाटलं. पण ही खिडकी उत्तरेची, तिच्यातून या दिवसांत ऊन आत येत नाही. त्यानं पेटीतला दुसरा सिगार चाचपून पाहिला. तो गार होता. वेगळं दिसू नये म्हणून त्यानं पहिलाच कापला आणि पेटवला.

वास आला.

साडेतीन वर्षांनी आलेला तो वास तंबाखूचा नव्हता. अन्सेल्मोनं सिगार खाली धरला आणि मातीआसच्या कॉफीच्या कपाजवळ वाकून श्वास घेतला. काही नाही. आपल्या बाहीचा घेतला, काही नाही. पुन्हा झुरका घेतला, तर पुन्हा तोच वास, अगदी जवळचा, बाजूला कुणी बसल्यासारखा.

"बोला, काका," आसुसेना म्हणाली.

बदाम, मध, देवदार. आदल्या दिवशी वहीतून पाठ केलेले शब्द त्याच्या जिभेवर होते. तोंडातून निघाले ते वेगळेच.

"कापूर. गुडघ्याला चोळतात त्या मलमातला. ओलं गोणपाट. मीठ लावलेलं आंबट संत्रं."

लेखणी थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"संत्रं लिही, मलम राहू दे," मालक हसत म्हणाले. "मलम ओढायला कोण येतंय?"

"मला कोको लागतोय, थोडी मिरी," मातीआस म्हणाला. "संत्रंबिंत्रं काही नाही बुवा. पण सिगार फक्कड आहे. पुढे चला."

राख बोटभर पांढरी झाली आणि दुसरा तृतीयांश सुरू झाला. अन्सेल्मोला आता थांबायचं होतं, पण पाहुण्यासमोर थांबणं बरं दिसलं नसतं. असल्या 'बरं दिसत नाही'पायीच त्याचा एवढा जन्म गेला होता.

"रस्त्याची धूळ," तो म्हणाला. "बसचा धूर. अंगात कामावरचाच सदरा आहे, भर दुपारी. मग करपलेली कॉफी. उतू गेलीय. भांडं चुलीवरच राहिलंय आणि त्याची मूठ जळतेय, कुणी उतरवत नाहीये."

"लाकडाची मूठ होती आमच्या भांड्याला," आसुसेना खाली बघत म्हणाली. तिनं तेही लिहिलं. "मग?"

"अन्सेल्मो, बरं आहे ना तुला?" मालकांनी विचारलं.

"डासांची उदबत्ती. एरंडेल. इस्पितळातली पुसलेली फरशी." त्याचा आवाज त्यालाच परका वाटत होता. "मेण."

जळती कडा शेवटच्या तृतीयांशाशी आली. पुढचा वास आताच धुरामागून डोकावत होता. ताज्या कापलेल्या पाइनच्या फळ्यांचा, आणि त्यामागून ओल्या मातीचा. फाटकाशी उभं राहिल्यावर जी माती फक्त दिसली होती तिचा.

त्यानं सिगार रक्षापात्रात ठेवला.

"अरे, शेवटचा भाग राहिला की."

"तो मला नाही ओढवणार, मालक."

"का?"

अन्सेल्मोला वाटलं, आता उठावं आणि जिना उतरून सरळ घरी जावं. पण तो बसूनच राहिला. कानांपर्यंत शरम चढली होती आणि तिच्यातूनच तो बोलला.

"मला वास येत नाही. साडेतीन वर्षं झाली. तापात नाक गेलं. त्यानंतरच्या सगळ्या चिठ्ठ्या जुन्या वह्यांतून उतरवल्यात. आणि फेर्मीननं घाई केली नव्हती. त्या दिवशी डोळे झोंबले ते खाली नऊ नंबरची थप्पी मोडली म्हणून. मला त्याच दुपारी कळलं होतं. मी बोललो नाही."

मातीआसनं आपला सिगार हळूच खाली ठेवला. मालक खुर्चीतून अर्धे उठले.

"आत्ता सांगतोस? तीन वर्षांनी? माझ्या घरच्या पाहुण्यासमोर?"

"हो, मालक."

"तो म्हातारा माझ्यासमोर हात जोडून उभा होता रे! म्हणाला, पान चांगलं आहे, एकदा दुसऱ्याकडून चाखून घ्या. मी म्हटलं, अन्सेल्मोवर दुसरा कोण?"

अन्सेल्मोनं मान खाली घातली. धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला वाटलं.

"बाबांना माहीत होतं," आसुसेना म्हणाली.

तिघेही तिच्याकडे वळले. तिनं कागद मांडीवर सरळ केला.

"तुम्ही एकदा खाली आला होता, काका. उघड्या थप्पीवर वाकून उभे राहिलात. सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधलेली. तुमच्या डोळ्यांतून धारा वाहत होत्या, पण नाक मागे घेतलं नाहीत. बाबा घरी येऊन म्हणाले, अन्सेल्मोचं नाक गेलंय, कुणाकडे बोलू नकोस. काढून टाकलं तेव्हासुद्धा बोलू दिलं नाही. म्हणाले, त्याला दुसरं काय येतं? स्वतः येईल तो सांगायला, दाराला कडी घालू नकोस."



"मी नाही हं माफ केलं तुम्हाला," ती तशाच शांत आवाजात पुढे म्हणाली. "मी रोज शिव्या घालायचे. त्यांनी शपथ घातली होती म्हणून गप्प राहिले. दीड वर्ष ते रोज दुपारी दाराकडे तोंड करून बसायचे. आणि तुम्ही आलात, नाही असं नाही. फाटकापर्यंत आलात."

तो रडला. एकसष्ट वर्षांचा माणूस टेबलावर दोन्ही हात उताणे ठेवून रडला आणि कुणी त्याला समजावलं नाही. मालकांनी खिशातून छापायच्या चिठ्ठीचा मसुदा काढला, फेर्मीनच्या नावाची ओळ जाड रेघेनं खोडली आणि कागद पालथा घातला.

बऱ्याच वेळानं मातीआस बोलला.

"हा कोणी ओढला?"

तो रक्षापात्राकडे बघत होता. अन्सेल्मोचा सिगार संपला होता. जेमतेम दोन बोटं थोटूक उरलं होतं आणि पुढे सबंध तृतीयांशाची राख, न मोडता, एकसंध.

"ठेवल्या ठेवल्या जळाला असेल," मालक म्हणाले.

"ठेवलेला सिगार पाच मिनिटांत विझतो. असा जळत नाही." मातीआसनं थोटूक उचलून उलटं केलं आणि लगेच खाली ठेवलं. बोटं त्यानं रुमालाला पुसली. "तोंडाकडचं टोक आत्ताच ओठांतून काढल्यासारखं ओलं आहे."

खोलीत अमोनिया नव्हता, पण चौघांपैकी कुणी मोकळा श्वास घेत नव्हतं. अन्सेल्मोनं नाकानं हवा ओढून पाहिली. कापूर नाही, माती नाही, काहीच नाही. त्याचं नाक पुन्हा होतं तसं झालं होतं.

आसुसेनानं बाकावरूनच हात लांब करून कागद त्याच्यापुढे सरकवला. शेवटच्या तृतीयांशाची जागा कोरी होती आणि तिच्याखाली सहीची रेघ. अन्सेल्मोनं लेखणी हातात धरली, मग तशीच कागदावर आडवी ठेवली.

"शेवटपर्यंत मी नाही ओढला," तो म्हणाला.

आसुसेना उठली. चाखणी पुरी झाली की चाखणाऱ्याला लिहिणाऱ्यानं पाणी द्यायचं असतं. तिनं कोपऱ्यातल्या माठातून पेला भरला आणि टेबलाशी आली. अन्सेल्मोनं सवयीनं हात पुढे केला. पेला तिनं त्याच्या पलीकडे, रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला.

 मालकांनी आपली खुर्ची थोडी बाजूला ओढून घेतली, शेजाऱ्याला पाय मोकळे करता यावेत एवढी.