अर्धा कोयता

पाथर्डीच्या स्टँडबाहेर जीप इतकी गच्च भरली होती, की शेजारच्याशी ओळख करून घेण्यावाचून देवश्रीला गत्यंतरच नव्हतं. तिचं कोपर त्याच्या बरगडीत आणि त्याची पिशवी तिच्या मांडीवर.

"रेडिओवरच्या ना तुमी?" तो म्हणाला. "आवाजावरनं वळखलं. डायवरला 'जरा सरका' म्हनतानाबी कार्यक्रम सुरू केल्यागत म्हनता."

ती खुदकन हसली. नाव गोरक्ष, डोळे भारी मिश्कील… आणि ते आपल्याकडे वळले की खिडकीबाहेर बघायचं, हे ती दोनदा विसरली.

"ऊसतोडीला निघालात?"

"रविवारी. औंदा अर्धा कोयता हाय…" एवढं बोलून तो पिशवीची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधू लागला.

देवश्री नगरची, कारकुनाची लेक. तिच्या घरी कोयता निघायचा तो नारळापुरता. दोन महिन्यांपूर्वी ती गोरक्षच्या गावात, तिथल्या छोट्या रेडिओ केंद्रावर कामाला आली होती. इथला रेडिओ ऐकणाऱ्यांनीच उभा केलेला : कुणी पत्रे दिले, कुणी पंखा, आवाज घुमू नये म्हणून बायकांनी भिंतींना गोधड्या दिल्या. त्या दिवशी माइकसमोर बसली तेव्हाही जीपमधला तो आवाज तिच्या कानात होता, आणि जीभ जरा जास्तच सैल सुटली.

"मंडळी, आपले गोरक्षराव म्हणतात, यंदा अर्धाच कोयता आहे! अहो, मोडला असेल तर टाका भंगारात आणि आणा की नवा!"

वर स्वतःच हसली. गाणं लावलं.

ओव्यांचा कार्यक्रम करणाऱ्या लंकाबाई आत आल्या. रागावल्या नाहीत, तेच वाईट.

"पोरी, तोडीला जोडीनं जात्यात, त्या जोडीला एक कोयता म्हनायचं. एकट्या मानसाला अर्धा. गोरक्ष आईसंगं जायचा. शिमग्यात ती वारली." मग त्यांनी भिंतीवरच्या एका गोधडीवरून हात फिरवला. "ही तिनंच शिवल्याली."

धरणीनं पोटात घ्यावं, असं देवश्रीला झालं. आई गेलेल्या माणसाला आपण नवी आण म्हणालो… तेही सगळ्या गावांना ऐकू जाईल असं! पुढचे दोन दिवस तिनं नुसती गाणी वाजवली. वाटेत कुणी हसून बोललं, तरी तिची मान खाली. नगरला निघून जावं, असं शंभरदा मनात आलं. पण मग तो तसाच निघून गेला असता, आणि ते तिला मुळीच नको होतं.

शनिवारी ती माइकसमोर बसली.

"कोयता म्हणजे जोडी, हे मला माहीत नव्हतं. न कळलेल्या शब्दावर मी हसले, आणि एका माणसाला सगळ्यांसमोर दुखावलं. गोरक्ष… चुकलं माझं."

बाहेर आली, तर पायरीशी तोच उभा, हातात बाजरीची पिशवी.

"निघायच्या आदी रेडिओला पायलीभर द्यायची, आईची रीत हुती," तो म्हणाला. जरा थांबून पुढं म्हणाला, "लई लागलं त्या दिवशी. सगळी टोळी हसली."

"मला… तोंड दाखवायची लाज वाटते."

"आन मला राग यीना, त्याची वाटती. दोन दिस नुसती गानी लावली, तवा मातर आला. गान्यांसाटी रेडिओ कोन लावतंय?"

तिचे कान तापले. नजर मात्र पायरीवरून हलेना.

"तोडीवरनं मंडळी घरच्यांस्नी फोनवर निरोप धाडत्यात, ते रेडिओवर लागत्यात," तो हळू आवाजात म्हणाला. "औंदा माजा निरोप ऐकायला घरी कुनी न्हाई."

"माझ्या नावानं पाठवा."

बोलून गेली, आणि आणखीच शरमली.

"तुमच्या? सगळ्या गावांम्होरं?"

"हसले तेही सगळ्यांसमोरच ना…"

"मंग नावाम्होरं काय लावू? ताई? म्याडम?"

"ताई नको!" ती केवढ्यांदा तरी म्हणाली, आणि मग अगदी पुटपुटत, "काहीच नको. नुसतं… देवश्री."

"सवय न्हाई. आदी म्हनून बघतो." त्यानं पिशवी खाली ठेवली. "देवश्री?"

रोज तासभर न अडखळता बोलणारी ती मुलगी, तिला एक वाक्य सुचेल तर शपथ. तिनं मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, आणि नुसतं "ओ" म्हणाली.